वाटेवरची आजी, घरातली आजी

चुलीपुढं बसून, शिलाई मशीनवर, गोठ्यात धार काढताना नाहीतर रानात बांधावर मोबाइल ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या आयाबायांना आमचा रामकृष्णहरी. आज आम्ही आमच्या आजीविषयी बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे तिच्या चौघी नाती. दोघी लेकाच्या, दोघी लेकीच्या. माइकपुढं एकच जण बसलीय, पण कागद चौघींनी मिळून लिहिलाय. लिहिताना एका गोष्टीवरून वाद झाला. एकीचं म्हणणं, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच सांगावं. दुसरी म्हणाली, मग ती आपली आजी राहणार नाही, हार घातलेला फोटो होईल. शेवटी ठरलं की कपाची गोष्टही सांगायची. ती पुढं येईल.

आजी गेली पौषात, 2023 च्या जानेवारीत. वय नक्की किती ते कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी, जशी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची असते. तिचा स्वतःचा हिशोब वेगळा होता. ती म्हणायची, "साने गुरुजी पंढरपुरात उपाशी बसले त्या वैशाखात माझं लगीन झालं. तवा मला पंधरावं सरलं हुतं." म्हणजे साल 1947. त्यावरून आम्ही धरलं, गेली तेव्हा ती एक्याण्णव वर्षांची होती.

साने गुरुजींच्या उपोषणाची गोष्ट आम्ही शाळेच्या पुस्तकाआधी तिच्याच तोंडून ऐकली. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून गुरुजी 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी देवळाचे दरवाजे सगळ्यांना उघडले. आमच्या गावात ही बातमी आली तेव्हा आजी हळदीच्या अंगानं सासरी नवीन होती. तिची सासू पक्की माळकरीण, दरसाल पायी वारी करणारी. तिनं डोक्याला हात लावला. म्हणाली, देव बाटला, आता कुठं जायाचं? आणि खरोखरच ती तीन आषाढ्या पंढरपूरला गेली नाही. चौथ्या वर्षी मात्र कुणाला न सांगता पिशवी भरायला लागली. आजीनं विचारलं, "आत्याबाई, देव बाटला हुता न्हवं?" सासू म्हणाली, "देव काय बाटतोय? मीच रुसले हुते." हे सांगताना आजी तोंडाला पदर लावून हसायची. सासूवर उघडपणे हसण्याची तिला तेवढी एकच जागा होती, असं आता वाटतं.

आमचं गाव फलटण तालुक्यातलं. माउलींची पालखी आळंदीहून निघून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे असं करत नीरा नदी ओलांडते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढं नातेपुत्याकडं जाते. त्या वाटेपासून आमची वस्ती फार लांब नाही. आजीला लग्नानंतरची पंचवीसएक वर्षं वारी एवढीच दिसली. पालखी तरडगावच्या अंगाला आली की सडकेला जाऊन उभं राहायचं, भाकरीची चवड आणि पिठल्याचं पातेलं द्यायचं, लांबून हात जोडायचे आणि धारेच्या वेळेला घरी यायचं. वारी घरातली एकच बाई करणार, ती सासू. सुनेनं मागं राहून पेरणी बघायची. आषाढी नेमकी पेरणीच्या दिवसांत येते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

त्या वर्षांत तिची भक्ती म्हणजे काय होती? पहाटे चारला उठणं, जात्यावर बसणं, ओवीतून विठ्ठलाशी बोलणं. सासऱ्याचं, नवऱ्याचं, गोठ्याचं सगळं गाऱ्हाणं ती तिथं घालायची. दोन लेकरांनंतरचा तिचा एक मुलगा गोवरानं गेला, दीड वर्षाचा असताना. त्याच्याविषयी तिनं आम्हाला कधी चार वाक्यंसुद्धा सांगितली नाहीत, पण त्याच्या नावाची ओवी होती. आमच्यातल्या थोरलीनं ती एकदा ऐकलीय, झोपेत, पांघरुणाच्या आतून. पुढं गावात पिठाची गिरणी आली, जातं परड्यात गेलं आणि ओव्याही थांबल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या फोनमध्ये आजीच्या अकरा आहेत. त्यातल्या तीन अर्ध्याच, कारण मध्येच कुणाचा तरी फोन आला होता.

1972 चा दुष्काळ तिनं खडी फोडून काढला. सरकारी कामावर बायकांच्या टोळ्या होत्या, पोरांना सुकडी मिळायची, घरात लाल मिलोच्या भाकरी असायच्या. त्या भाकरीचं नाव काढलं तरी ती तोंड वाकडं करायची. त्या कामावर तिच्या शेजारी खडी फोडायला एक बाई बसायची. आमच्याच गावच्या मातंग वस्तीतली, आजीपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्या आमच्या मावशी. नात्यानं मावशी नव्हेत, आम्ही तसं म्हणतो. टोळीला पाण्याची घागर एकच होती आणि आजी सांगायची, "उन्हात कुणी इचारत न्हवतं, कुणाचा हात लागला. पाणी हाय का न्हाई, एवढंच इचारायचं."

दुष्काळ सरता सरता सासू गेली. जाताना तिनं वारी सुनेच्या ओटीत घातली. 1974 साली आजी पहिल्यांदा आळंदीहून चालली. आजोबा कुरकुरले, पण आईचा शब्द त्यांना मोडता येईना. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून प्रस्थान, मग अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल, आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. तिनं अशा एक्केचाळीस वाऱ्या केल्या. शेवटची 2014 ला.

वारीतली आजी वेगळी बाई होती, हे आम्हाला आमच्यातली मधली तिच्याबरोबर गेली तेव्हा कळलं. घरात ती कमी बोलायची, जेवायला शेवटी बसायची, बाहेरचा पुरुष आला की आत जायची. वाटेवर ती मोठ्यानं हसायची. पाय लांब करून झाडाखाली बसायची. दिंडीतला भाकरीचा हिशोब तिच्याकडं असायचा आणि ट्रकवाल्याशी तंबूच्या खुंट्यांवरून ती अशी भांडायची की विणेकरीबुवा मध्ये पडायचे. आणि तिला कुणी सूनबाई, काकू, अमक्याची आई म्हणत नव्हतं. वाटेवर सगळ्यांना एकच हाक, माउली. लहान पोरालाही माउली, पोलिसालाही माउली. वर्षातले वीस दिवस ती कुणाची कोणी नसायची. आम्ही शाळा-कॉलेज शिकलेल्या पोरी तिच्या वारीला अंधश्रद्धा म्हणायचो. तिला वर्षाकाठी मिळणारी ती एवढीच रजा आहे, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नाही.

रजा म्हणून ती देवाला विसरायची असंही नाही. पंढरपुरात आषाढीला दर्शनाची रांग किती लांब असते, हे तुम्ही ऐकून आहातच. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायला मिळतं हे या देवळाचं मोठेपण, पण आजीला एक्केचाळीस वर्षांत ते मोजक्याच वेळा मिळालं. बाकी वर्षी चंद्रभागेत अंघोळ, कळसाचं दर्शन आणि नामदेव पायरी. पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिथं ती नेमानं डोकं टेकवायची. चोखोबा जिवंतपणी उंबऱ्याबाहेर राहिले ते राहिलेच, असं म्हणून डोळे पुसायची. रडू खरं होतं. आम्ही पाहिलंय.

आता मधलीची गोष्ट. साल 1998. ती सोळा वर्षांची, आजीबरोबर पहिलीच वारी. दिवे घाट चढून सासवडला मुक्काम झाला आणि जेजुरीच्या वाटेवर तिची पाळी आली. आमच्या घरी पाळीला कडक नियम होते. चार दिवस पडवीत पोतं टाकून बसायचं, पाण्याच्या हंड्याला हात नाही, देवघराकडं बघायचंही नाही. पोरगी घाबरली. तिला वाटलं, आता आजी आपल्याला एसटीत बसवून घरी पाठवणार. आजीनं पिशवीतून जुन्या लुगड्याची घडी काढून दिली आणि म्हणाली, "चाल." एवढंच.

पुढं नीरेवर माउलींच्या पादुकांना अंघोळ झाली आणि लोणंदला दर्शनाची रांग लागली. पोरीनं विचारलं, "आजी, मी बाहेर थांबू का?" आजी म्हणाली, "हितं हजारो बाया चालत्यात. त्यातल्या किती तुझ्यासारख्या असतील? माउली मोजत बसत न्हाईत." आणि तिचा हात धरून पुढं घेऊन गेली.

मधली घरी परतली ती डोक्यावर तुळस घेतल्यासारखी ताठ मानेनं. पुढच्या महिन्यात पाळी आली तेव्हा ती पडवीत बसलीच नाही. सरळ हंड्यातून पाणी घेतलं. आजीनं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला, हंडा उपडा केला आणि घासायला बसली. मोठं भांडण झालं. मधली रडत रडत विचारत होती, वाटेवर चालतं मग घरात का चालत नाही? आजी हंडा घासत राहिली. शेवटी म्हणाली, "वाट माउलीची हाय. घर माझ्या सासूचं."

सासू जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

या ठिकाणी एक गोष्ट सांगायलाच हवी. आजीला संत सोयराबाईंचा विटाळाविषयीचा अभंग तोंडपाठ होता. सोयराबाई म्हणजे चोखोबांची बायको. देह विटाळाचा म्हणता, पण त्या विटाळातूनच तर प्रत्येक देह जन्माला आला, मग सोवळं कोण उरलं, असा सरळ सवाल चौदाव्या शतकात त्या बाईनं विचारलाय. एकादशीच्या भजनात आजी हा अभंग जीव तोडून म्हणायची. तिच्या आवाजात तो ऐकताना अंगावर काटा यायचा. भजन संपलं की आमच्यातली कुणीतरी पडवीत पोत्यावर बसलेली असायची आणि तिला ताट लांबूनच सरकवलं जायचं. आम्ही कितीदा तरी तिला हे तोंडावर बोललो. ती म्हणायची, "तुमी लई शिकलाय." यात राग किती, कौतुक किती आणि लाज किती, ते आम्हाला कधी उलगडलं नाही.

आणि आता कप.

दुष्काळानंतर मावशी आमच्या रानात खुरपायला येऊ लागल्या. त्याही वारकरी, त्यांच्या भावकीच्या दिंडीबरोबर चालायच्या. मधलीनं वाटेवर पाहिलं होतं, मुक्कामाला या दोघी एकमेकींना शोधत यायच्या. एका परातीत कालवून पिठलं-भाकरी खायच्या, एकमेकींच्या पायाला तेल लावायच्या. मावशींचा जावई दारू पितो, आजोबा पैसे लपवतात, सगळं बोलणं व्हायचं. घरी आल्यावर मावशींचा चहा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या कपातून. कान तुटलेला, निळ्या फुलाचा कप. चहा वरून ओतायचा, मावशींनी पिऊन, विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. आजीनं त्यांना कधी वावगा शब्द बोलला नाही. मजुरी वेळेवर द्यायची, सणाला पुरणपोळी बांधून द्यायची, लेकीच्या बाळंतपणाला तूप पाठवायची. पण कप तो तिथंच. आम्ही लहानपणापासून बघत आलो, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं आम्हाला त्यात काही वेगळं वाटलंही नाही. पाळीचं सोवळं आमच्या अंगावर येत होतं म्हणून आम्ही भांडलो. कप दुसऱ्याच्या हातात होता.

2011 च्या दिवाळीत आम्ही चौघी घरी होतो. धाकटी तेव्हा कॉलेजात. तिनं तो कप कोनाड्यातून काढला आणि उकिरड्यावर नेऊन फोडला. आजीला कळलं. ती ओरडली नाही. "इचारायचं हुतं," एवढं बोलून दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. आम्ही मोठ्या उत्साहानं घरातल्या स्टीलच्या पेल्यात चहा आणून त्यांच्या हातात दिला. मावशींनी पेल्याकडं बघितलं, मग आजीकडं. आजी अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होती. मावशींनी पेला ओट्यावर ठेवला. म्हणाल्या, "पित्त झालंय गं पोरींनो. चहा सोडलाय मी."

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरी चहा घेतला नाही. खुरपायला येत राहिल्या, वाटेवर आजीबरोबर जेवत राहिल्या, पण आमच्या ओट्यावर चहा नाही. आम्हाला वाटलं होतं आम्ही काहीतरी मोठं केलं. ज्या बाईनं चाळीस वर्षं तो कप विसळला होता, तिला आम्ही एका शब्दानं विचारलं नव्हतं. आजीचं "इचारायचं हुतं" हे कुणाला विचारायचं होतं, तिला की मावशींना, हेही आम्ही तेव्हा विचारलं नाही.

2014 ची वारी करून आजी आली आणि पुढच्या वर्षी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चाल गेली ती गेलीच. सहा महिने तिचं अंग पुसणं, कुशीवर वळवणं, भांडं देणं आम्ही पाळीपाळीनं केलं. वर साखर होती, आणि एकादशी सोडायला ती तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, साबुदाणा बंद. मग भगर आणि शेंगदाण्याची आमटी यावर तडजोड झाली. गोळ्या मात्र ती उपवासालाही घ्यायची. "औषीद म्हंजी अन्न न्हाई," असा निकाल तिनं स्वतःच देऊन टाकला होता. शास्त्रात तिला हवी तिथं ती वाट काढू शकायची, हे आम्ही आधीच ओळखायला हवं होतं.

एके सकाळी धाकटी तिला पाणी पाजत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आजी, माझी पाळी आहे. दुसरीला बोलवू?" आजीनं डोळे मिटूनच उत्तर दिलं, "पाज. कोण शिवतंय ते बघायला माझ्यात हाडं कुठं ऱ्हायलीत." आणि त्याच वर्षी कार्तिकीला, तुळशीपुढं दिवा लावायची वेळ झाली, तेव्हा तिनं मधलीला हाक मारली. मधली माहेरपणाला आली होती आणि बाजूला उभी होती. का उभी आहे ते आजीला ठाऊक होतं. म्हणाली, "तू लाव." मधली म्हणाली, "आजी, घर सासूबाईंचं आहे ना?" आजी म्हणाली, "लई दिस ऱ्हायली ती. आता जाऊ दे तिला." आमच्या घरातलं पोतं त्या दिवशी उचललं गेलं. कुणी जाहीर केलं नाही, चर्चा झाली नाही. सतरा वर्षं लागली, तेवढी मात्र लागली.

पण कपाचं तसं झालं नाही. मोडलेला कप परत जोडता येत नाही, आणि मावशींचं पित्तही बरं होत नव्हतं.

मग आलं 2020. त्या वर्षी वारी निघालीच नाही. तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. आषाढी 1 जुलैला होती. आदल्या दिवशी संतांच्या पादुका एसटीत ठेवून, मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला नेल्या. आजी सकाळपासून अस्वस्थ. तिला चालता येत नव्हतं, तरी दरवर्षी पालखीच्या दिवशी आम्ही तिला सडकेला खुर्चीवर नेऊन बसवायचो. यंदा सडक मोकळी. ती सारखी म्हणत होती, "एवढी वर्सं माउली चालत आली. आता गाडीत बसून चालली. आमचंच काय तरी चुकलं." आम्ही तिला टीव्हीपुढं बसवलं. फुलांनी सजवलेली एसटी पडद्यावर दिसली तशी ती हुंदके द्यायला लागली.

तेवढ्यात अंगणात मावशी दिसल्या. तोंडाला पदर बांधलेला, हातात चपला. त्यांच्या घरचा टीव्ही बंद पडला होता. त्या नेहमीसारख्या ओट्याच्या खाली उभ्या राहून खिडकीतून बघायला लागल्या. आजीचं लक्ष गेलं. टीव्ही आमच्या माजघरात आहे, देवघराला लागून. त्या उंबऱ्याच्या आत मावशी पन्नास वर्षांत आल्या नव्हत्या.

आजी म्हणाली, "माउली, आत ये. हितनं दिसत न्हाई."

त्या घरात तिनं कुणाला माउली म्हटलेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

मावशी लगेच आल्या नाहीत. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पाय धुतले आणि आत येऊन आजीच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या. आजी म्हणाली, खाली नको, वर बैस. मावशी म्हणाल्या, हितंच बरं हाय. दोघी एसटी बघत राहिल्या. पंढरपूर जवळ आलं तसं दोघींनी एकदमच ज्ञानोबा तुकाराम सुरू केलं, टाळ नाही, मृदंग नाही, मांडीवर हातानं ताल धरून. आम्ही चहा केला. मावशी म्हणाल्या, "चहा सोडलाय." आजीनं स्वतःच्या उशाचा तांब्या त्यांच्यापुढं केला. तिचा हात थरथरत होता, निम्मं पाणी खाली सांडलं. मावशींनी तांब्या घेतला आणि वरून घटाघटा प्यायल्या. ओठ लावले नाहीत. आजीनंही लाव म्हटलं नाही.

आमच्या चौघींत यावरून अजून दोन तट आहेत. दोघी म्हणतो, त्या दिवशी आजीनं शेवटचा उंबरा ओलांडला. दोघी म्हणतो, ओलांडला असता तर बोलली असती, चुकलं म्हणाली असती. ते शब्द तिच्या तोंडून कधी आले नाहीत. आम्ही दोन-तीनदा विषय काढून पाहिला, तिनं हरिपाठाची पोथी मागितली.

पौषात गेली ती झोपेतच, पहाटे. चार वाजून गेले होते, म्हणजे तिच्या जात्याची वेळ. गळ्यातली तुळशीची माळ तिच्याबरोबरच गेली. भजनी मंडळ आलं. गावातल्या बायका आल्या. मावशी तेराव्याला आल्या, एकट्या, काठी टेकत. यावेळी कुणी बोलवायच्या आधी आत आल्या. फोटोला बुक्का लावला आणि आमच्याजवळ बसल्या. खूप वेळानं म्हणाल्या, "तुमची आजी वाटंवर माझ्यासंगं लई बोलायची. घरात न्हाई बोलायची." आम्ही काहीच बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, "पन वाटंवर खोटं न्हवती बोलत."

आजीची पडशी अजून खुंटीला आहे. त्यात जुन्या लुगड्याच्या घड्या, बुक्क्याची डबी, तळपायाला लावायचं तेल आणि एक पितळी तुळशीवृंदावन आहे. वारी कुणाच्या ओटीत घालायची, हे ती सांगून गेली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली होती, "ज्याला पाय हायत त्यानं चालावं." मधली यंदा जायचं म्हणतेय. देवावर तिचा आजीएवढा विश्वास नाही, आमच्यातल्या एकीचा तर अजिबात नाही, पण ती जाणार आहे.

मावशींना आता चालवत नाही. त्यांच्या सुनेला आम्ही विचारलंय, आमच्या दिंडीतून, मधलीबरोबर, एकाच तंबूत येशील का म्हणून. यावेळी आधी विचारलं. ती म्हणाली, घरात बोलते, पेरणी कशी होते बघते. मागच्या आठवड्यात पुन्हा फोन केला तर म्हणाली, अजून ठरलं नाही, सासूबाई विचार करून सांगते म्हणाल्यात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आहे. आम्ही तिच्या निरोपाची वाट बघतोय.

रामकृष्णहरी.